नऊ वार पांढरं

"लुगडं सोड," मालगुजार म्हणाले.

मी त्यांच्या ओसरीच्या पहिल्या पायरीवर उभा होतो. सकाळची वेळ. अंगणात ऊन उतरलं होतं. ओसरीवर मालगुजार, त्यांचे धाकटे भाऊ आणि दिवाणजी असे तिघे बसले होते. दारात मालकीणबाई. त्यांच्या हातात ताट. ताटात तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळदकुंकू. फाटकापाशी पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती. मी बावीस वर्षांचा होतो. माझ्या अंगावर त्याच घरातलं, हिरवं, लाल काठाचं नऊवारी लुगडं होतं.

"इथीच?" मी विचारलं.

"इथीच. नाई तं काय देवघरात नेऊ तुले?"

फाटकापाशी हसू फुटलं.

मी तिथे का उभा होतो ते आधी सांगतो.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. बाजार, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट आणि भर दुपारी दंडार. दंडार म्हणजे आमचं नाटक. ढोलकी, टाळ, गाणी, सोंगं. बाईचं काम पुरुषच करतो. त्याला नाच्या म्हणतात. आमचं गाव सिंदेवाहीपासून चार कोसांवर. गावची रीत अशी की नाच्याचं लुगडं मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरून यायचं. गावची बाई मंडईत फाटकी दिसायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी नाच्यानं तेच लुगडं नेसून मालगुजाराच्या पुढच्या दारी जायचं. मालकीणबाई त्याची ओटी भरायच्या. लेक माहेरी आली असं धरायचं. मग तो आत जाऊन कपडे बदलायचा, लुगड्याची घडी परत द्यायचा आणि जेवून घरी यायचा.

नाच्या दरवर्षी कुणब्यांचा असे. त्या वर्षी मंडई दोन दिवसांवर आली आणि त्याला हिवतापानं धरलं. दंडारीचा म्होरक्या गोविंदा महारपुऱ्यात आला. धान कापताना मी गातो ते त्यानं बांधावरून ऐकलं होतं. माझ्या बापाला म्हणाला, "पोराले दे. दोन दिसाची गोष्ट हाये." बापाला नाही म्हणता आलं नाही. मला हो म्हणायचं होतं.

मंडईत मी सुभद्रा झालो. लोकांना वाटलं, यानं बाईचं सोंग घेतलं. खरं सांगायचं तर सोंग बाकीचे सगळे दिवस चालायचं. त्या दुपारी ते उतरलं होतं.

मालकीणबाई छकड्यात बसून बघत होत्या. खेळ संपला तेव्हा म्हणाल्या, "माही लेक पाहा कशी शोभते." शंभर माणसांनी ऐकलं. मीही ऐकलं. नाच्या कोण आहे हे गावाला माहीत होतं, त्या घराला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं आणि गोविंदानं सांगितलं नव्हतं. मी मात्र ते बोलणं खरं धरलं. ही माझी चूक.

सकाळी आई म्हणाली, "जाऊ नोको. लुगडं गोविंदाजवळ दे."

"रीत हाये," मी म्हणालो.

"रीत त्याईची हाये."

गोविंदा वाटेत भेटला. म्हणाला, "जातच हायेस तं मांगच्या दारानं जा." ओटी मागच्या दारी भरत नाहीत. मी पुढच्या दारानं गेलो.

मालकीणबाई ताट घेऊन दोन पावलं पुढे आल्या होत्या. तेवढ्यात मालगुजारांनी विचारलं, "हा कोनाचा?"

दिवाणजी म्हणाले, "महारपुऱ्यातला. गोमाचा."

मालकीणबाई थांबल्या. मग मालगुजार बोलले ते वर लिहिलं आहे.

नऊ वार लुगडं सोडायला वेळ लागतो. आधी खांद्यावरचा पदर. मग मागे खोचलेला कासोटा. मग निऱ्या. मग कमरेची गाठ. ती सोडताना मी आणखीच आवळली. मालगुजार म्हणाले, "नेसताना नाई लागला येवढा टाइम." चोळी काढली तेव्हा आत कोंबलेल्या चिंध्यांचे दोन गोळे अंगणात पडले. सगळ्यात मोठं हसू त्याला आलं. तेवढ्यात मालकीणबाई ताट घेऊन आत गेल्या आणि दार लोटलं गेलं.

मी लंगोटीवर उभा. गड्यानं काठीच्या टोकानं लुगडं उचललं, उकिरड्यावर टाकलं, घासलेट ओतलं. चांगलं लुगडं होतं. आमच्या पुऱ्यातल्या एकाही बाईच्या अंगावर मी तसं कधी पाहिलं नव्हतं. जळायला फार वेळ लागला नाही.

"आता फाटकापावतर बाईसारखा चाल," मालगुजार म्हणाले. "काल चालत होतास तसा."

मी चाललो.

हे लिहायला मला सर्वांत जड जातं. म्हणून लिहितो. मी कंबर लचकवत, एक हात डोक्यावर नसलेल्या पदराला धरून, फाटकापर्यंत चाललो. लोकांनी वाट दिली. कुणी हात लावला नाही. आमच्या माणसाला हात न लावता कसं मारायचं ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

धाकटे मालक, मालगुजारांचे भाऊ, या सगळ्या वेळात वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटलं नाही. त्यांचा हात मला वर्षभर माहीत होता. खळ्यातल्या तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या, ढिगामागे त्यांनी मला कधी जात विचारली नव्हती. तिथून उठल्यावर त्यांनी आंघोळ केल्याचं ऐकलं नाही. मला लागलेले आपले कपडे जाळल्याचंही ऐकलं नाही. त्या सकाळी त्यांनी फक्त एकदा मान वर केली असती तरी मला काय मिळणार होतं, कोण जाणे. त्यांनी केली नाही.

मालगुजारी कायद्यानं आदल्या वर्षीच गेली होती. ओसरी जागेवर होती.

दुपारी बापानं मला मारलं. त्यानं का मारलं ते मी त्याला विचारलं नाही आणि त्यालाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी मी सिंदेवाहीला चालत गेलो आणि चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या आगगाडीत बसलो.

चांद्यात शहराभोवतीच्या परकोटाच्या आतल्या बाजूला विणकरांची गल्ली होती. आमच्याच जातीचे लोक जाडंभरडं विणत. मी काम शोधत हिंडत होतो. एका सकाळी त्या गल्लीत शिरलो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा ताणून ठेवलेला. ताणा म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे. त्यांना भाताची खळ लावावी लागते. हे काम एकट्याचं नाही. दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे घेऊन एका चालीनं चालतात. थांबलं की खळ वाळते, धागे चिकटतात, सगळा ताणा वाया जातो.

चार पुरुष चालत होते. जात्यावरचं गाणं म्हणत होते, बायका म्हणतात ते. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. त्यातल्या एकानं माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याला म्हणाला, "उभा कसा हाये पाहा वो."

आमच्याकडे बाईशी बोलताना 'वो' म्हणतात. पुरुषाला 'गा' म्हणतात. हा मिशीवाला माणूस दुसऱ्या पुरुषाला, भर गल्लीत, मोठ्यानं 'वो' म्हणाला होता. कुणी हसलं नाही. शेजारची बाई सडा टाकत होती, ती टाकतच राहिली.

म्हातारा होता तो म्हणाला, "हात रिकामे हायेत का?"

"हायेत."

"तं कुंचा धर. पाहून काय राह्यलास."

मी कुंचा धरला. त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो.

त्या म्हाताऱ्याचं नाव सखाराम. सगळे मोठीबाई म्हणत. बाहेर सखारामभाऊ, घरात मोठीबाई. घरात आम्ही तिला 'ती' म्हणायचो. इथेही तसंच लिहितो. माग तिचा होता, घर तिचं होतं. मिशीवाला लच्मय्या सिरोंच्याकडचा, कोळशाच्या खाणीत कामाला. मराठी बोलताना मध्येच तेलुगूत शिव्या द्यायचा. बकाराम बिड्या वळायचा. झिबल शिंपीकाम करायचा. लच्मय्याच्या चिंचेच्या सारानं डोळ्यांत पाणी यायचं. बकाराम म्हणायचा, "हे सार खाणीत ने वो. सुरुंग लावाचं काम नाई पडनार."

मोठीबाईनं पहिल्या दिवशी एकच अट सांगितली. "या घरात मागून आनलेलं लुगडं चालत नाई. नेसाचं तं विनून नेसाचं. शिकशील?"

मी शिकलो. आडवा धागा नेणारा धोटा फेकायला शिकलो, तुटलेला धागा जोडायला शिकलो. आमची स्वतःची दंडार होती. मंडईच्या दिवसांत गावोगाव जायची. लुगडी आमची, चोळ्या झिबलच्या हातच्या. गावच्या पाटलाच्या घरून कापड आलं तर मोठीबाई परत पाठवायची. आधी गावकऱ्यांना राग यायचा. मग कळायचं की याशिवाय दंडार उभी राहणार नाही. मग ते कापड न्यायचे.

लच्मय्याच्या पायावर खाणीत दगड पडला तेव्हा तो तीन महिने घरात पडून होता. बकाराम त्याला धुवायचा, पुसायचा. एकदा लच्मय्या म्हणाला, "माह्या बायकोनं बी येवढं नसतं केलं." बकाराम म्हणाला, "तुले बायको कुठी भेटनार होती? तोंड पाहिलं का?" दोघंही हसले. मग लच्मय्या भिंतीकडे तोंड करून रडला. बकारामनं त्याला रडू दिलं.

झिबलनं मला पहिला सदरा शिवला तेव्हा माप घेतलं नाही. नुसतं पाहून शिवला. बाही बरोबर बसली. त्यानंतर आम्ही दोघं एका चटईवर झोपायला लागलो. घरात कुणी काही विचारलं नाही. मोठीबाईनं फक्त एक घोंगडी कमी केली, दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून.

आणखी एक गोष्ट त्या घरात होती. ती मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. नवा ताणा ताणला की खळ लावण्याआधी मोठीबाई ताण्याच्या डोक्याशी उभी राहायची आणि नावं घ्यायची. त्या घरात राहून गेलेल्यांची, मेलेल्यांची. अकरा नावं. एक ढोलकी वाजवणारा. एक साहेबांच्या शिकारीच्या तळावर ओझी वाहणारा, अहेरीच्या जंगलात गेला तो परत आला नाही. एक सुईणीचा मुलगा, आईसारखाच बाळंतपणं करायचा. त्यातल्या सात जणांना मोठीबाईनं पाहिलंही नव्हतं. तिला तिच्या आधीच्यानं सांगितलं होतं. त्याला त्याच्या आधीच्यानं.

म्हणजे मी पहिला नव्हतो. बावीस वर्षं मला वाटत होतं की माझ्यासारखा जगात मी एकटा आहे आणि ही देवानं मला दिलेली खोड आहे. इथे अकरा माणसं माझ्या आधी होऊन गेली होती. राबली होती, गायली होती, एकमेकांच्या आजारपणात जागली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. वंशावळ मात्र होती, आणि ती पाठ होती.

एकदा मी मोठीबाईला त्या ओसरीची गोष्ट सांगितली. सगळी. ती धोटा न थांबवता ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "सोडलंस ते ठीक हाये. ते पंधरा होते. पन चाललास काऊन?"

"भेव वाटलं."

"हाव. भेव वाटते." धोटा फेकून म्हणाली, "पुढच्या टायमाले नोको चालू."

एवढंच. डोक्यावरून हात फिरवला नाही, डोळे पुसले नाहीत. मी रात्री ज्या गोष्टीसाठी स्वतःला मारून घ्यायचो, तिचं तिनं काम करून टाकलं. पुढच्या वेळचं काम.

मग दीक्षेचं वर्ष आलं. सगळी वस्ती उठली. पांढरं कापड पाहिजे होतं, सगळ्यांना पाहिजे होतं. आमचा माग उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालला. मी, झिबल, मोठीबाई पाळीपाळीनं बसायचो. कमरा धरल्या. वस्तीतल्या अर्ध्या अंगांवर त्या दिवशी आमच्या मागाचं कापड होतं. आम्हीही गेलो. पाचही जण. लच्मय्याला शब्द म्हणता येत नव्हते, तो ओठ हलवत होता. परत येताना मोठीबाई म्हणाली, "आता कोनाच्या ओसरीसमोर उभं राहाचं काम नाई." मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

उरलेल्या सुतात तिनं स्वतःसाठी एक लुगडं विणलं. नऊ वार पांढरं. काठ नाही, नक्षी नाही. घडी करून पेटीत ठेवलं. "हे माह्या मरनाचं," म्हणाली. "नेसवसान तं नीट नेसवा. बकारामले नेसवू देऊ नोका, त्याच्या निऱ्या ढिल्या राहातेत."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ती गेली. छातीचा आजार होता, सुताचा कोंडा वर्षानुवर्षं आत गेलेला. सकाळी गेली. आम्ही तिला आंघोळ घातली. पांढरं लुगडं मी नेसवलं. निऱ्या झिबलनं घातल्या. कासोटा घट्ट खोचला. पदर डोक्यावरून घेतला. ती नेसायची तशी.

वस्तीची माणसं जमू लागली. मास्तर आले.

मास्तरांबद्दल नीट सांगितलं पाहिजे. ते वाईट माणूस नव्हते. वस्तीतला मॅट्रिक झालेला पहिला माणूस. हॉटेलात वेगळी कपबशी नाकारली म्हणून त्यांनी मार खाल्ला होता. त्यांच्यामुळे वस्तीतली चाळीसेक पोरं शाळेत जायला लागली होती. दीक्षेच्या वेळी कापड विणायला त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. वस्तीच्या समितीचे ते प्रमुख. मी त्यांना मानत होतो. म्हणून जे झालं ते ओसरीवरच्यापेक्षा जास्त लागलं.

त्यांनी दारातूनच पाहिलं. आत आले. म्हणाले, "हे काढा."

"काय काढा?" झिबलनं विचारलं.

"लुगडं. पुरुष मानूस हाये तो."

मास्तर आवाज खाली आणून बोलू लागले. ते नेहमी समजावूनच बोलत.

"पाहा, भाऊ हो. आपन आता मानूस म्हनून उभं राहून राह्यलो. अख्खं गाव डोळे लावून हाये. आपला मुर्दा लुगडं नेसून बाजारातून गेला तं उद्या ते काय म्हनतीन?"

"काय म्हनतीन?"

"म्हनतीन, धरम बदलला तरी हे नाचूनच राह्यले." मग माझ्याकडे वळले. "इतके वर्स त्याईनं आपल्याले नाचवलं. नाच्या बनवलं, हसले. ते पुसाचं हाये आपल्याले. तुमाले समजत नाई का?"

मला समजत होतं. त्यांना हसणारी माणसं मला त्यांच्यापेक्षा जवळून माहीत होती.

"कापड पांढरं हाये, चांगलं हाये," मास्तर म्हणाले. "तेच राहू द्या. फक्त धोतरासारखं गुंडाळा. अख्खी वस्ती खांदा द्याले येईन. पंचशील मी खुद म्हनतो."

लच्मय्या माझ्या शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "कापड तं तेच हाय वो."

तेच होतं. एक सूत इकडचं तिकडे होणार नव्हतं. बाहेर तीस-चाळीस माणसं उभी होती, आम्ही चौघं होतो. झरपट नदीकाठची पुरायची जागा अर्ध्या कोसावर. वर चैताचं ऊन. कासोटा सोडायचा, निऱ्या मोडायच्या, उरलेलं कमरेला गुंडाळायचं. मेलेल्याला काय कळतं. मी एक क्षण हो म्हणणार होतो. हे पण लिहून ठेवतो.

मास्तरांच्या सोबत एक तरुण आला होता, समितीचा. त्याला वाटलं आमचं ठरलं. तो वाकला आणि मोठीबाईच्या कमरेच्या गाठीला हात घातला.

मी त्याचं मनगट धरलं.

"हात काढ."

"सोडा ना भाऊ, मी करतो."

"हात काढ म्हनलं."

त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मी मनगट सोडलं नाही. मास्तर म्हणाले, "हे काय लावलं?"

मी म्हणालो, "मास्तर, एकदा माह्या अंगावरचं भर अंगनात सोडाले लावलं होतं. लावनारा मालगुजार होता. मी जित्ता असून नाई म्हनलो नाई. हे मेली हाये. इले आता म्हनता येत नाई, म्हनून मी म्हनतो. नाई."

"मालगुजारासंग मले जोडून राह्यलास?"

"मी नाई जोडलं. तुमी तेच बोलले."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना लागलं. लागावं म्हणूनच मी बोललो होतो. ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "मंग तुमीच न्या."

"नेतो."

ते बाहेर गेले. बाहेर काय बोलले ते ऐकू आलं नाही. माणसं पांगली. काही बायका दारात रेंगाळल्या, त्यांना त्यांच्या पुरुषांनी हाक मारली. त्यांतल्या बहुतेक बायकांच्या अंगावर आमच्या मागाचं लुगडं होतं.

तिरडीला चार खांदे लागतात. आम्ही बरोबर चार. खांदा बदलायला पाचवा नाही. लच्मय्याचा पाय दुखावलेला, म्हणून तो उजवीकडे मागे. झिबल पुढे, मी त्याच्या शेजारी. बकाराम लच्मय्याच्या शेजारी. पुढे मडकं धरणारं कुणी नाही, वाजवणारं कुणी नाही. गल्लीतून निघालो. दोन्ही बाजूंची दारं लोटली जात होती. बंद दारांचा आवाज मला ओळखता येतो.

बाजारातून जावं लागलं. दुकानांवरून लोक उतरून पाहू लागले. कुणीतरी टाळी वाजवली, तीच ती, आम्हाला पाहून वाजवतात ती. मास्तर म्हणाले होते तसंच झालं. ते हसले. मास्तरांचं बरोबर होतं. फक्त त्यांना वाटत होतं की लुगडं काढलं तर ते हसायचे थांबतील. मी लंगोटीवर असतानाही ते हसले होते. हसायला त्यांना कापड लागत नाही.

बकाराम मागून म्हणाला, "चालीत चाला वो. ताण्यासारखं. थांबलं का चिकटलं."

आम्ही एका चालीत चाललो. थांबलो नाही. खांद्याची कातडी सोलली.

नदीच्या काठी मोठीबाईला पळसाच्या सावलीत ठेवलं आणि खड्डा खणायला घेतला. मुरूम कडक होता. लच्मय्या खाणीतला माणूस. त्यानं सदरा काढला, पाय विसरला आणि सबल, म्हणजे पहार, हाणली. आम्ही माती उपसली. ऊन कलेपर्यंत खणत होतो. कुणी आलं नाही. मी रस्त्याकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं नाही. पंचशील आम्हीच म्हटलं. लच्मय्याला या वेळी शब्द येत होते. त्यानं कधी पाठ केले होते, आम्हाला माहीत नव्हतं.

दिवस मावळायच्या आत परतलो. मास्तरांच्या अंगणात समितीची बैठक बसली होती. विषय आमचं घर होता, हे झिबलला वाटेत कळलं. तो म्हणाला, "आंघोळ करून जाऊ." मी म्हणालो, "असाच जातो." तो माझ्यासोबत आला.

सतरंजीवर पंचवीसेक माणसं होती. आमच्या हातापायांना माती होती. बोलणं थांबलं. मी पुढे जाऊन बसलो. झिबल माझ्या शेजारी. आमच्या दोन्ही बाजूंची माणसं थोडी सरकली. आपल्याच माणसांना आपल्यापासून सरकताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

मास्तर म्हणाले, "तुमच्यावर राग नाई कोनाचा. पन ठरवा. दंडार बंद करा, लुगडी बंद करा, लग्नं करा, चार लोकाईसारखे राहा. नाई तं घर खाली करा. दोनातलं एक."

"घर मोठीबाईचं हाये. आमी खाली करत नाई," झिबल म्हणाला. तो बैठकीत कधी बोलत नसे.

"तं मंग दंडार?"

"ते बी नाई."

मागून एक जण म्हणाला, "यायले वस्ती बी पाहिजे आनि नाच बी पाहिजे."

"हाव," मी म्हणालो. "दोन्ही पाहिजे. आमी दीक्षेले आलो तेव्हा अर्धे नाई आलो. तुमच्या अंगावरचं कापड विनलं तेव्हा अर्ध्या हातानं नाई विनलं. आता तुमी म्हनता, अर्धा आत ये, अर्धा बाहेर ठेव. हेच ते म्हनत होते. दंडारीत ये, दारात येऊ नोको."

"तू शिकलेल्यासारखा बोलून राह्यलास," मास्तर म्हणाले, "पन लोकाईले तोंड मले द्या लागते."

"मले बी द्या लागलं. आज बाजारातून देऊनच आलो."

मास्तरांनी मान वळवली.

"पुढची बैठक कधी हाये?" मी विचारलं.

दोघं-तिघं एकमेकांकडे पाहू लागले.

"मी येनार हाये," मी म्हणालो. "या बैठकीले आलो तसा पुढच्या बी येईन. शाळेसाठी वर्गनी काढसान तं माही लिहा. मोर्चा काढसान तं मी हाये, मार पडन तं मी हाये. सदरा घालून येईन, मनात आलं तं लुगडं नेसून येईन. मी या वस्तीचा हाये आनि मी असा हाये. यातलं एक बी घरी ठेवून येनार नाई. पुन्हा कोनी आमच्या मानसाच्या कापडाले हात घातला, जित्त्याच्या का मेल्याच्या, तं आज मनगट धरलं, उद्या मोडीन. ज्याले माह्या शेजारी बसाचं नाई त्यानं उठून जावं. मी उठनार नाई."

दोन माणसं उठून गेली. बाकीची बसून राहिली. कुणी हो म्हणालं नाही.

मास्तरांनी घसा साफ केला आणि पुढचा विषय घेतला. मी मांडी बदलली आणि तिथेच बसलो.